बूच, मळसूत्र आणि दोन खाचा

देऊळगाव राजासारख्या गावात वाइनची बाटली सहसा कुणाच्या तरी पिशवीतून येते. नाशिकला नोकरी करणारा भाचा समृद्धी महामार्गावरून सिंदखेड राजाला उतरतो, घरी येतो आणि बॅगेतून दिंडोरीकडची एखादी बाटली काढतो. मग शोधाशोध सुरू होते. पेचकस, सुरी, दाभण, सगळं करून होतं. शेवटी बूच आत ढकललं जातं आणि पेल्यात त्याचा भुसा तरंगतो. दोन-तीनशे रुपयांचा एक साधा कॉर्कस्क्रू हे सगळं टाळू शकतो. आणि त्या एवढ्याशा अवजारात इतकं विज्ञान भरलंय की एकदा हातात घेतलं की खाली ठेववत नाही.

आधी बूच समजून घ्यायला हवं, कारण खरी करामत त्याची आहे. आपल्याकडे शाळांच्या आवारात, रस्त्यांच्या कडेला पांढऱ्या सुगंधी फुलांचं उंच बुचाचं झाड असतं. त्याची साल जाड आणि मऊ असते, पण बाटलीतलं बूच त्याचं नव्हे. ते येतं भूमध्य सागराकाठच्या एका ओक वृक्षापासून. जगातलं निम्मं बूच एकटा पोर्तुगाल पिकवतो. झाड तोडत नाहीत, फक्त साल सोलतात. पहिली साल निघते झाड साधारण 25 वर्षांचं झाल्यावर, आणि त्यानंतर किमान 9 वर्षं थांबावं लागतं. पहिल्या दोन्ही वेळची साल खडबडीत निघते, ती बाटलीच्या कामाची नसते. तिसऱ्या खेपेची चालते. म्हणजे ज्या झाडाचं अखंड बूच तुमच्या बाटलीत बसलंय, त्यानं चाळिशी कधीच ओलांडलेली असते!

या सालीच्या एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे 4 कोटी पेशी असतात. एका बुचाचं आकारमान धरा 20 घन सेंटीमीटर, म्हणजे 80 कोटी पेशी, आणि प्रत्येकीत कोंडलेली हवा. त्यांच्या भिंतींना बारीक घड्या असतात. म्हणून बूच दाबलं की पेशी आपल्या जागी मिटतात आणि बूच बाजूनं फुगत नाही. रबर फुगतं, म्हणून ते बाटलीच्या गळ्यात ढकलणं जड जातं. 24 मिलिमीटर जाडीचं बूच 18-19 मिलिमीटरच्या गळ्यात दाबून बसवतात आणि त्या मिटलेल्या पेशी वर्षानुवर्षं काचेला बाहेरच्या दिशेनं रेटत राहतात. रॉबर्ट हूकनं 1665 मध्ये बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला त्या कोठड्या दिसल्या. विज्ञानातला ‘सेल’ हा शब्द तिथून आला. आठवीनववीच्या पुस्तकात हूकचं नाव आपण सगळ्यांनी वाचलंय, पण तो पाहत होता ते हेच बूच, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

योगायोग असा की ज्या रॉयल सोसायटीत हूक होता, तिथल्याच नेहेमाया ग्रू या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1681 मध्ये बाटलीतून बूच ओढायच्या पोलादी मळसूत्राचा उल्लेख करून ठेवला. अशी मळसूत्रं ठासणीच्या बंदुकीत अडकलेला बोळा ओढून काढायला आधीपासून होतीच. बुचाची युक्ती तिथूनच सुचली असावी, असं अभ्यासक मानतात.

आता जोराचा हिशेब. घट्ट बूच ओढायला 20 ते 40 किलो वजन उचलण्याइतकी ताकद लागते. साध्या मुठीचा, तरफ नसलेला कॉर्कस्क्रू ही सगळी ताकद तुमच्या खांद्याकडून मागतो. 1795 मध्ये सॅम्युअल हेनशॉल नावाच्या इंग्रज पाद्र्यानं त्यावर तोड काढून पेटंट घेतलं. त्यानं मळसूत्राच्या वर एक चकती बसवली. चकती बुचाला टेकली की पुढे अख्खं बूचच फिरू लागतं. घर्षण नेहमी हालचालीला विरोध करतं. बूच गोल फिरत असलं की त्या विरोधाचा मोठा वाटा फिरण्याला अडवण्यात जातो आणि वर ओढणं हलकं होतं. पुढे 1882 मध्ये जर्मनीतल्या कार्ल विंकेनं घडीचा, तरफेचा कॉर्कस्क्रू केला. हॉटेलातला वेटर खिशातून काढतो तो हाच. ही अडकित्त्याच्या जातीची तरफ आहे. टेकू एका टोकाला बाटलीच्या काठावर, भार मधे, आणि आपला हात दुसऱ्या टोकाला. दांडी साधारण चौपट लांब असल्यामुळे 30 किलोचं काम सात-आठ किलोत होतं.

दुकानात तो हातात घ्याल तेव्हा आधी मळसूत्राची तार पाहा. टोकाकडून डोळ्यासमोर धरा. वेटोळ्याच्या मधोमध पोकळी दिसली पाहिजे, आगकाडी सरकेल एवढी. ही पोकळ तार बुचात शिरताना पेशी बाजूला सारत एकाच वाटेनं जाते आणि ओढताना अख्ख्या बुचाला मिठी मारते. मधे भरीव दांडा आणि त्यावर आटे असतील, तर तो गिरमिटासारखा बूच कोरत जातो. भुसा पडतो तो यानंच. दोन पंख वर उचलले जाणारे स्वस्त कॉर्कस्क्रू दिसायला भारदस्त, पण त्यांत बहुधा हाच दांडा असतो. मी ते घ्या म्हणणार नाही. वेढे पाच असावेत. कमी असले तर लांब बुचाचा खालचा भाग गळ्यातच राहतो.

मग टेकूची पट्टी पाहा. तिला दोन खाचा हव्यात. एकच खाच असली की बूच निम्मं वर आल्यावर दांडी तिरकी ओढू लागते आणि बूच वाकून तुटतं. दोन खाचा असल्या की पहिल्या खाचेवर निम्मं काढायचं, दुसरी काठावर टेकवायची आणि उरलेलं सरळ वर घ्यायचं. एका जादा खाचेचा फरक, पण अख्ख्या अवजाराचा जीव त्यात आहे.

वापरताना तारेचं टोक बुचाच्या मध्यबिंदूवर टेकवू नका, किंचित बाजूला टेकवा. टोक वेटोळ्याच्या परिघावर असतं, म्हणून असं केलं की वेटोळ्याचा मध्य बुचाच्या मध्याशी जुळतो.

एक गोष्ट आधीच तपासा. नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना आता फिरवून उघडायचं पत्र्याचं झाकण असतं, तिथे कॉर्कस्क्रू लागतच नाही. आणि फसफसणाऱ्या वाइनला तो कधीही लावू नका. त्या बाटलीत हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट दाब असतो, मोटारीच्या टायरपेक्षा कितीतरी जास्त. वरची तार सोडवल्यापासून अंगठा बुचावरच ठेवा, तोंड माणसांपासून दूर करा, बूच धरून बाटली हळूहळू फिरवा.

बाकी सगळ्या बुचांसाठी पोकळ तार, पाच वेढे आणि दोन खाचा पाहून घ्या. एवढं असलेला दोन-तीनशेचा कॉर्कस्क्रू घरासाठी पुरेसा आहे, हजाराचा घेण्याची गरज नाही.