जुनी येझदी उभी करताय? मूळ रिम भंगारात घालण्याआधी हे वाचा

ताडपत्रीखाली पंधरा-वीस वर्षं पडलेली वडिलांची येझदी बाहेर काढली, की पहिली नजर टाकीवर जाते आणि दुसरी चाकांवर. रिमचं क्रोम सोललेलं असतं, तारा तांबूस झालेल्या असतात. मेकॅनिक म्हणतो, "रिम गेल्या ओ, नव्या टाकूया की!" बेळगाव, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, कुठंही जा, सल्ला बहुतेक हाच मिळतो. तो नेहमी चुकीचा नसतो. पण नेहमी बरोबरही नसतो.

मूळ रिमला एवढी किंमत का?

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून जावा आणि पुढे येझदी तयार झाली. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी हे नाव बाजारात परत आलं खरं, पण त्या गाड्याच वेगळ्या. त्यांची चाकं जुन्या गाडीला थेट बसत नाहीत. म्हणजे तुमची मूळ रिम एकदा भंगारात गेली, की ती गेलीच. अमेरिकेतल्या जुन्या मसल कारच्या मालकांपुढेही हाच प्रश्न असतो. तिथं चाकावर कोरलेल्या तारखेच्या कोडवरून गाडी अस्सल आहे की नाही हे पारखतात. तुमच्या रिमवर काही ठसा असेल, तर पॉलिशला देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.

चमक नको, पत्रा बघा

टायर-ट्यूब काढा आणि रिमची आतली बाजू बघा. तारांच्या भोकांतून शिरलेलं पावसाचं पाणी तिथंच साचतं, त्यामुळं बाहेरून बरी दिसणारी रिम आतून सडलेली असू शकते. तारेच्या ब्रशनं गंज घासा, मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दाबून बघा.

- नुसता वरवरचा गंज, बारीक खड्डे: रिम वाचते.
- निपलच्या भोकाभोवती चीर, आरपार भोक किंवा पत्रा दबतोय: ती रिम रस्त्यावर नको. वेल्डिंग करून तर मुळीच नको.

प्लेटिंगवाल्याला काय विचारायचं?

क्रोमचा थर मायक्रॉनहूनही पातळ असतो. गंजापासून खरं राखण करतो तो त्याखालचा निकेलचा थर. म्हणून "क्रोम करून द्या" एवढंच सांगू नका. जुना थर पूर्ण काढणार का, खाली तांबं आणि निकेल किती देणार, हे विचारा. निकेल पातळ राहिलं, तर पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ठिपके दिसतात. खड्डे घालवायला पत्रा फार घासला किंवा रिम अ‍ॅसिडमध्ये जास्त वेळ ठेवली, तरी ती कमजोर होते. खोल खड्ड्यांची रिम चकचकीत करून घेण्यात काही अर्थ नाही.

नवी डुप्लिकेट घेताना

नव्या रिमचा फायदा उघड आहे: पत्रा ताजा, काम लवकर. पण माप तपासा. जुन्या जावा-येझदीला 16 इंची चाक, रोडकिंगला 18 इंची, जुन्या बुलेटला 19 इंची. रुंदी, भोकांची संख्या आणि भोकांचा कल हबशी जुळला पाहिजे. कल चुकला, तर तार निपलपाशी वाकते आणि पुढं तिथंच तुटते. दुकानातच रिम सपाट फरशीवर ठेवून बघा. डुगडुगली, तर परत करा.

हब जपा, तारा बदला

रिम जुनी असो वा नवी, दोन गोष्टी ठरलेल्या. मूळ हब शक्य तोवर टाकू नका. फक्त आतला ब्रेक ड्रम झिजून अंडाकृती झालाय का, ते लेथवाल्याकडून तपासून घ्या. उद्यमबागेत अशा कामाची जाणकार माणसं आहेत. आणि जुन्या तारा पुन्हा वापरू नका. वर्षानुवर्षं ताण सोसलेली तार बाकाजवळ अचानक तुटते. नव्या तारा घाला, चाकाचा आऊट काढून घ्या आणि शंभरेक किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासा.

कागदपत्रांचं काय?

2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांहून जुन्या दुचाकीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हेही लक्षात ठेवा. चाकांसाठी म्हणून कोल्हापूरकडची एमएच-09 ची आख्खी गाडी घेणार असाल, तर आधी कागद बघा. सुटा रिम सीमा ओलांडतो, पण कागद नसलेली गाडी पुढं डोकेदुखी होते.

थोडक्यात, पत्रा शाबूत असेल तर मूळ रिम वाचवा. शंका असेल तर चालवायला नवी घ्या आणि जुनी घरी खुंटीला टांगून ठेवा. तवंदी घाट उतरताना गाडी तोलतात ते पत्रा आणि तारा, क्रोम नव्हे.