तिरकामठ्याला पुन्हा मान

तिरकामठा आपण सर्वांनी पाहिला आहे. बांबूची काठी वाकवायची, दोरी ताणून बांधायची, की झाले धनुष्य. काठी वाकली की तिच्यात जोर साठतो. दोरी सोडली की तोच जोर बाणाला मिळतो.

आदिवासी मुलखात पिढ्यान् पिढ्या याच हत्याराने शिकार झाली. पुढे बंदूक आली. मग १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला आळा घातला. तिरकामठा मागे पडला. पण आज तो खेळ म्हणून पुन्हा पुढे आला आहे. तो कसा, ते पाहा.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात लिंबाराम हा गरीब आदिवासी मुलगा राहत होता. बांबूच्या धनुष्याने तो रानात पाखरे टिपायचा. १९८७ साली त्या भागात सरकारने चांगल्या नेमबाजांची परीक्षा ठेवली. काकाने ती बातमी घरी आणली. पोरगा गेला आणि निवडला गेला. दिल्लीत त्याला शिकवले. दुसऱ्याच वर्षी तो ऑलिंपिकमध्ये देशासाठी खेळला. वय अवघे सोळा! १९९२ साली बीजिंगला त्याने ३० मीटरवरून ३६ बाण मारले. ३६० पैकी ३५८ गुण मिळवले. जगाच्या विक्रमाशी बरोबरी झाली!

दीपिकाकुमारी रांचीजवळची. वडील रिक्षा चालवीत. लहानपणी ती दगडाने नेमके आंबे पाडायची. घरी केलेल्या बांबूच्या धनुष्यावर तिने हात बसवला. पुढे तिला शिकवणारे भेटले. २०१० साली राष्ट्रकुल खेळांत तिने सोने जिंकले.

आपल्या फलटण तालुक्यातला प्रवीण जाधव हा मजुरांचा मुलगा. शाळेतल्या गुरुजींनी त्याला खेळाची वाट दाखवली. २०२१ साली तो टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळला. २०२३ साली साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले. आता गावोगावची पोरे धनुष्य मागू लागली आहेत.

यातून काय समजायचे? हातातला नेम घरचाच असतो. पण तेवढ्याने भागत नाही. खेळाचे धनुष्य महाग असते. मैदान लागते, पोटभर अन्न लागते आणि शिकवणारा लागतो. लिंबारामच्या काकाने बातमी आणली नसती, तर तो नेम रानातच राहिला असता.

एकलव्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. गुरूने शिकवले नाही, उलट अंगठा मागितला. गंमत पाहा, लिंबारामच्या खेळात दोरी तीन बोटांनी ओढतात. अंगठा दोरीला लागतच नाही!

तुमच्या घरी कोणी पोर तिरकामठा घेऊन बसत असेल, तर रागावू नका. माणसावर, जनावरावर नेम धरू नकोस, एवढे मात्र बजावा. मग शाळेतल्या गुरुजींना भेटा. जिल्ह्याच्या क्रीडा अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. पोराला नेम आहे, त्याला वाट दाखवणे आपले काम आहे.