अन्नशक्तीचा जमाखर्च



खाल्लेल्या अन्नाचा उपयोग करून शरीर शक्ती मिळविते व आपली झीज भरून काढते. या अखंड व्यापारास चयापचय म्हणतात. शक्तीचे माप म्हणजे उष्मांक. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांपासून किंवा प्रथिनांपासून सुमारे ४, तर स्निग्ध पदार्थांपासून सुमारे ९ उष्मांक मिळतात.

मूल निजलेले असतानाही हृदय, फुफ्फुसे व मेंदू यांसाठी शक्ती खर्ची पडतच असते. चालण्याखेळण्याचा खर्च निराळा. प्रौढाची जमा व खर्च समान असल्यास वजन स्थिर राहते. मुलास मात्र वाढावयाचे असते. म्हणून त्याची जमा खर्चाहून अधिक हवी. ती अपुरी पडली की शरीर हालचाल कमी करते व वाढही आवरते. असे मूल वर्गात पेंगले, तर तो आळस समजू नये.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण आहे. त्याकरिता १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल ठरविलेले आहे. पैकी १०० ग्रॅम तांदूळच सुमारे ३५० उष्मांक देतो. त्यामुळे वरण पातळ झाले तरी पोट भरल्यासारखे वाटते. तूट येते ती प्रथिनांत. यास्तव डाळ नेहमी मोजूनच शिजवावी.

दरमहा वजन व दर तीन महिन्यांनी उंची नोंदवावी. वजन सतत थबकलेले आढळल्यास पालकांची भेट घ्यावी व मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. केवळ चेहरा पाहून ही तूट कळत नाही. ती नोंदवहीतच दिसते.