डोळ्यांचा सीसॉ, दोष मात्र मेंदूच्या तळाशी

सीसॉच्या फळीचे एक टोक वर गेले की दुसरे खाली येते. क्वचित एखाद्या रुग्णाचे डोळेही असेच हलतात. एक डोळा वर जाताना नाकाच्या दिशेने किंचित फिरतो, त्याच क्षणी दुसरा खाली उतरत बाहेरच्या दिशेने फिरतो आणि लगेच हा क्रम उलटतो. ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ अर्नेस्ट मॅडॉक्स यांनी 1914 साली या नेत्रकंपाचे वर्णन केले. त्यांच्या रुग्णाची दोन्ही बाहेरच्या बाजूंची दृष्टीही गेलेली होती.

या दोन लक्षणांची सांगड मेंदूच्या तळाशी सापडते. तेथे हाडाच्या खोबणीत हरभऱ्याएवढी पीयूषिका, म्हणजेच पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्या सुमारे एक सेंटिमीटर वर दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिनाड्या एकत्र येतात आणि बाहेरच्या बाजूचे दृश्य वाहून नेणारे तंतू एकमेकांना ओलांडतात. ग्रंथीजवळची गाठ वर वाढली की दाब याच तंतूंवर येतो. नजर स्थिर ठेवण्यासाठी मेंदू कानातील तोलाचे आणि डोळ्यांचे संदेश जुळवत असतो. दृष्टीचा संदेश तुटल्याने ही जुळणी बिघडते व डोळे झुलू लागतात, असे मानले जाते. गाठ मध्यमेंदूवर दाबल्यानेही हा कंप उद्भवू शकतो.

सीसॉसारखा कंप दुर्मीळ आहे आणि प्रत्येक नेत्रकंपामागे गाठ नसते. काहींना तो जन्मजात असतो. बाजूची दृष्टी जाणे मात्र अशा गाठींत अधिक आढळते. दाराच्या चौकटीला खांदा लागतो, बाजूने येणारे वाहन दिसत नाही. तरी समोरचे अक्षर वाचता येत असल्याने दोष चष्म्यावर ढकलला जातो.

म्हणूनच गावाजवळच्या तपासणीला मोल आहे. पूर्वीच्या आदिलाबाद, आताच्या निर्मल जिल्ह्यातील मुधोळ येथे एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे भोसले गोपाळराव पटेल नेत्रकेंद्र आहे. संस्थेचे मुख्य रुग्णालय हैदराबादला आहे. एक डोळा झाकून, समोर बसलेल्या तपासनिसाची बाजूला हलणारी बोटे दिसतात का, एवढ्या साध्या चाचणीतूनही शंका येऊ शकते. पुढे दृष्टिक्षेत्राची चाचणी, एमआरआय व संप्रेरकांची तपासणी निदान पक्के करतात.

यांतील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. काही गोळ्यांनी आकसतात, तर अनेक नाकावाटे शस्त्रक्रियेने काढता येतात. अचानक तीव्र डोकेदुखी, उलट्या आणि दृष्टी मंदावणे किंवा एकाचे दोन दिसणे ही लक्षणे एकत्र आली, तर मात्र त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.