घरचं जाळं, भाग ७ : पत्ता हरवलेला डबा

मागच्या आठवड्यात आपण जुन्या राउटरचा स्विच केला. डीएचसीपी बंद केलं, फायबरच्या डब्याकडून आलेली केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ पोर्टात खोचली आणि टीव्ही, प्रिंटर, डेस्कटॉप त्याच्यावर बसवले. हे काम एकदा झालं की त्या डब्याकडे चार-चार वर्षं कुणी फिरकत नाही. धूळ पुसायलासुद्धा नाही.

मग एक दिवस फिरकावं लागतं. माझं कारण क्षुल्लक होतं. त्या डब्याचं वायफाय बंद करायचं राहून गेलं होतं आणि त्याचा पासवर्ड समोरच्या फ्लॅटमध्ये शिकवणीला येणाऱ्या पोरांपर्यंत पोचला होता. तो बदलायचा म्हणून ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं. चक्र फिरत राहिलं, आणि शेवटी पान उघडत नाही असा निरोप आला. त्याच क्षणी त्याच डब्यातून टीव्हीवर आईची मालिका बिनतक्रार चालू होती.

इथे बरेच जण डबा गेला असं समजून रीसेटसाठी पिन शोधायला उठतात. जरा थांबा.

राउटर म्हणजे एका छपराखालची दोन बिऱ्हाडं. एक स्विचच्या चिपचं. तिला कळतात ते फक्त मॅक पत्ते, म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेला ४८ बिटांचा क्रमांक. कोणता मॅक कोणत्या पोर्टावर, एवढं ती टिपून ठेवते. आयपी विचारतच नाही. दुसरं बिऱ्हाड प्रोसेसरचं. ॲडमिनचं पान त्याच्या ताब्यात, आणि त्याला गाठायचं तर आयपी हवाच. टीव्हीचं काम पहिल्याशी, आपलं दुसऱ्याशी. डबा ठणठणीत असतो, आपण फक्त चुकीच्या वाटेने जात असतो.

ती वाट कुठे चुकते ते बघू. जुन्या डब्याचा पत्ता १९२.१६८.०.१, जुन्या कनेक्शनच्या काळातला. माझा फायबरचा डबा मात्र १९२.१६८.२९ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे ६५,५३६ पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत, १९९६ च्या आरएफसी १९१८ नुसार. तेव्हा दोघांचंही वागणं कायदेशीरच. पण लॅपटॉप काही पाठवण्याआधी आपला मास्क बघतो. २५५.२५५.२५५.० याचा अर्थ, पहिले तीन आकडे जुळले तर समोरचा आपल्याच मजल्यावरचा. मग तो चाळीच्या गॅलरीत उभं राहून हाक घालावी तशी हाक घालतो : ‘२९.७ कोण आहे? मॅक सांग!’ या हाकेचं नाव एआरपी, वय १९८२ पासूनचं. आकडे जुळले नाहीत तर हाक नाहीच. पॅकेट थेट फायबरच्या डब्याच्या हाती जातं, त्याला हा ०.१ नावाचा इसम माहीत नाही, आणि प्रकरण तिथेच संपतं. जुना राउटर तीन फुटांवर बसून असतो. त्याला कुणी हाक मारलेलीच नसते.

तेव्हा आपणच त्याच्या मजल्यावर जायचं. फायबरकडून आलेली केबल जुन्या राउटरमधून काढा. लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो केबलने त्याच्या लॅन पोर्टाला जोडा. वॅनच्या पोर्टाला नको, त्या बाजूने ॲडमिनचं पान सहसा उघडत नाही. विंडोज काही वेळाने आपणहून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेईल. पत्ता देणारं कुणी भेटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. नेटवर्क ॲडॅप्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने १९२.१६८.०.५० भरा, मास्क वरचाच, गेटवे कोरा सोडला तरी चालतो. मग ब्राउझरमध्ये पत्त्याआधी ‘एचटीटीपी’ पूर्ण लिहून १९२.१६८.०.१ उघडा. नाहीतर ब्राउझर शहाणपणा करून सुरक्षित जोडणी मागतो, ती जुन्या डब्याला जमत नाही.

नाही उघडलं तर लॅपटॉपला १९२.१६८.१.५० देऊन १.१ बघा, डब्याच्या पोटावरचं लेबलही वाचा. दोन्ही डब्यांचा पत्ता १.१ च असेल, तर एवढे दिवस आपल्या हाकेला फायबरवालाच ओ देत असणार. केबल काढली की तो तंटा मिटला.

पान उघडलं पण पासवर्ड आठवत नाही, तर मात्र रीसेट मारावा लागतो. डबा चालू ठेवून पिन साधारण १० सेकंद दाबायची, सगळे दिवे एकदम लुकलुकेपर्यंत. आणि इथे माझी फजिती झाली. मी वर सांगितलेली केबल काढली नव्हती. रीसेटने डब्याचं डीएचसीपी पुन्हा जागं केलं. घरात पत्ते वाटणारे दोघे झाले, ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता खरा. टीव्हीला मिळाला ०.१०१, आणि ऐन मालिकेत पडदा थिजला. आईने ‘तू काय हात लावलास?’ एवढंच विचारलं.

केबल बाहेर असताना करायची कामं तीन. वायफायचा पासवर्ड बदला किंवा वायफायच बंद करा. डीएचसीपी बंद करा. आणि सर्वांत शेवटी डब्याला घरच्या मजल्यावरचा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.२९.२, फायबरचा डबा वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा. शेवटचं ‘सेव्ह’ दाबताच पान गायब होतं. घाबरू नका, डबा नव्या पत्त्यावर राहायला गेला. लॅपटॉप पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर आणा, केबल खोचा, २९.२ उघडून बघा.

आमच्या डब्याच्या पोटावर आता डॉक्टरी चिकटपट्टी आहे, तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं २९.२. पासवर्ड लिहिलेला नाही, शिकवणीची पोरं अजून येतात.

(पुढच्या आठवड्यात : रिकाम्या राहिलेल्या वॅन पोर्टाचं काय करायचं?)