क्रेन, वाळू आणि परवाना : बांधकाम-व्यवसायाविषयीचे काही गैरसमज

घोडबंदर रस्त्याने जाताना, किंवा डोंबिवलीहून शीळफाट्याकडे निघाल्यावर, दुतर्फा ज्या उंच क्रेन आणि जाहिरातींचे भव्य फलक दृष्टीस पडतात, त्यांच्या संख्येवरून एखादी बांधकाम-संस्था किती मोठी झाली हे ठरविण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. परंतु एकाच वेळी चालू असलेल्या कामांची संख्या ही संस्थेच्या शिरावरील दायित्वाची गणना आहे, सामर्थ्याची नव्हे. काम थांबले, ग्राहकांचे हप्ते बंद झाले आणि कर्जावरील व्याज मात्र चालू राहिले, तर ती किती महिने तग धरील, यावर तिचे खरे सामर्थ्य जोखावे लागते. आणि या परिसरात टिकलेल्या व लयाला गेलेल्या संस्थांमधील अंतर बहुतांशी याच एका गोष्टीने पडले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमीन ज्याच्यापाशी तोच वाढणार, हा दुसरा समज. जमीन विकत घेणे म्हणजे सातबारा, फेरफार, कुळांचे हक्क आणि बिनशेतीचा हुकूम यांच्या दप्तरात वर्षानुवर्षे भांडवल अडकवून ठेवणे होय. म्हणून मध्यम कुवतीच्या पुष्कळ संस्था जमीनमालकाशी विकसन-करार करतात, त्याला बांधलेल्या क्षेत्रात किंवा विक्रीच्या उत्पन्नात हिस्सा देतात आणि आपला पैसा प्रत्यक्ष बांधणीत घालतात. 1925 साली ठाण्यात उभी राहिलेली रेमंडची लोकरगिरणी बंद पडल्यावर, त्या कंपनीने 2019 मध्ये आपल्याच विस्तीर्ण जमिनीवर गृहबांधणीस आरंभ केला; परंतु जमिनीचा एवढा ठेवा हाती असतानाही पुढील विस्तारासाठी तिनेसुद्धा वांद्र्यासारख्या ठिकाणी दुसऱ्यांच्या जमिनींवर संयुक्त विकासाचे करार करण्याचाच मार्ग धरला.

'रेरा' या स्थावर संपदा कायद्याने बांधकाम-व्यावसायिकांचे हात बांधले आणि वाढ खुंटली, ही तक्रार व्यावसायिकांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. एका इमारतीच्या आरक्षणातून आलेल्या रकमेने दुसरीची जमीन घ्यायची आणि दुसरीच्या रकमेने पहिलीचा स्लॅब टाकायचा, हा पूर्वापार चालत आलेला परिपाठ 2016 च्या या कायद्याने मोडला, हे खरेच आहे. 1 मे 2017 पासून पूर्णपणे अमलात आलेल्या या कायद्यानुसार ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, आणि ती काढावयाची तर काम किती झाले याचा दाखला अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल या तिघांनी द्यावा लागतो. पण ज्या वाढीला यामुळे खीळ बसली ती वाढ नव्हतीच; ती उधारीची साखळी होती, आणि तिची एक कडी तुटताच शेकडो कुटुंबे घराचे हप्ते व राहत्या जागेचे भाडे अशा दुहेरी भाराखाली वर्षानुवर्षे चिरडली जात. ज्यांच्यापाशी स्वतःचे भांडवल होते, किंवा ज्यांनी मोठा प्रकल्प टप्प्याटप्प्याने नोंदवून प्रत्येक टप्प्याचा हिशेब वेगळा ठेवला, त्यांना हा नियम जाचक झाला नाही.

मात्र 'रेरा'चा क्रमांक म्हणजे सरकारची हमी, हा ग्राहकाचा समजही तितकाच घातक आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेची बनावट बांधकाम-परवानगी सादर करून नोंदणी मिळविलेल्या 65 इमारती पाडण्याचा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला, तेव्हा त्यांत आयुष्याची पुंजी घालून बसलेल्या रहिवाशांवर कोसळलेले संकट सर्वांनी पाहिले. नोंदणी ही सादर झालेल्या कागदांची नोंद असते. ते कागद खरे आहेत की नाहीत हे पालिकेच्या नगररचना विभागातील मूळ दप्तराशी ताडून पाहिल्यावाचून कळत नाही.

आता वाळूविषयी, कारण या प्रांतातील बांधकामाचा इतिहास बराचसा वाळूत दडलेला आहे. मुंब्रा, डोंबिवली, कल्याण येथील रेतीबंदरांवर एके काळी डुबी-हातपाटीने, म्हणजे खाडीत बुडी मारून बादलीने काढलेली, आणि पुढे सक्शन पंपांनी उपसलेली वाळू होड्यांतून उतरत असे. 2010 नंतर न्यायालयांचे हुकूम आणि पर्यावरण-परवान्याच्या अटी यांनी हा उपसा आवळत आणला, आणि व्यवसाय खाणीतील दगड दळून केलेल्या वाळूकडे वळला. 'दगडाच्या वाळूत दम नाही, खाडीची वाळू ती खरी,' असे जुने मुकादम अजूनही म्हणतात. वस्तुस्थिती अशी की खाडीच्या वाळूतील क्षार नीट धुतले गेले नाहीत तर सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि स्लॅबच्या तळाचे पोपडे सुटू लागतात. दगडाच्या वाळूत हे क्षार नसतात. तिचा दोष निराळा. तिचे कण टोकदार असतात, भुकटी अधिक असते, म्हणून ती पाणी जास्त मागते. आणि गवंड्याने हाताला मऊ लागावे म्हणून बादलीभर पाणी वाढविले की काँक्रीटची ताकद तिथेच घटते. यास्तव जाणत्या संस्था पाणी न वाढविता रसायनाने मिश्रण प्रवाही करतात, आणि प्रत्येक कामाच्या वेळी 150 मिलिमीटरचे ठोकळे भरून ते सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडून पाहतात. भारतीय मानक 383 च्या 2016 च्या आवृत्तीने अशी वाळू मान्य केलेली आहे.

वेगाचेही असेच आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यांनी मजला लवकर भरतो म्हणून तो कच्चा ठरत नाही. 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाट्यानजीक लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत कोसळून 74 जीव गेले, ती केवळ घाईत बांधली होती म्हणून नव्हे, तर परवानगी आणि तपासणी या दोन्हींवाचून बांधली होती म्हणून.

राहिला प्रश्न काम थांबण्याचा. एप्रिल 2015 मध्ये, घनकचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम पाळले जात नाहीत या कारणास्तव, उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीत नव्या बांधकामांस मनाई केली आणि ती सुमारे वर्षभर टिकली. कचरा पालिकेचा, परंतु झळ बसली नव्या कामाची जमवाजमव करून बसलेल्यांना. 'रेरा' कायद्यात अपरिहार्य आपत्ती म्हणून युद्ध, पूर, अवर्षण, आग, वादळ, भूकंप अशा गोष्टी गणल्या आहेत. व्यावसायिकाचा कसूर नसताना घडलेल्या अन्य विलंबासाठी 'रेरा' प्राधिकरण मुदतवाढ देऊ शकते, पण ती एकूण एक वर्षाहून अधिक नाही. म्हणून घर घेणाऱ्याने फलकावरील चित्रापेक्षा नोंदणीत लिहिलेली ताब्याची तारीख, आणि त्याच संस्थेच्या मागील प्रकल्पांत ती किती वेळा पुढे ढकलली गेली, हे आधी वाचावे.