पेन ड्राइव्हमधला मिसळणाचा डबा

मैत्रिणींनो, बचत गटाचा हिशेब, मुलांचे अर्ज, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका ही कामं आपण घरी निम्मी करतो आणि उरलेली राजकमल चौकातल्या एखाद्या इंटरनेटच्या दुकानात. तिथे पेन ड्राइव्ह लावला की हमखास ऐकू येतं, "ताई, ही फाइल इथे उघडत नाही!" गडबडीत ती फाइल तिथेच सेव्ह झाली, तर गटातल्या सगळ्या जणींचे आधार क्रमांक परक्याच्या हाती राहिले म्हणून समजा.

लग्नघरी मदतीला जाणारी सुगरण आपला मिसळणाचा डबा बरोबर नेते ना? तसंच, नुसत्या फाइली न नेता त्या उघडणारे प्रोग्रॅमही पेन ड्राइव्हमध्येच न्यावेत. यांना 'पोर्टेबल ॲप' म्हणतात. साधा प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये बसवावा लागतो. हा मात्र पेन ड्राइव्हमधूनच चालतो आणि आपल्या आवडीनिवडीही तिथेच जपतो. जॉन हॅलर यांनी 2004 साली फायरफॉक्स ब्राउझर असा करून दिला. आज त्यांच्या पोर्टेबलॲप्स डॉट कॉमवर असे कितीतरी प्रोग्रॅम फुकट मिळतात.

कृती अशी : 16 जीबीचा पेन ड्राइव्ह पुष्कळ झाला. त्या साइटवरून 'लिब्रेऑफिस पोर्टेबल' उतरवून घ्या. त्यात पत्रलेखन आणि हिशेबाचे तक्ते दोन्ही होतात. फाइलवर दोनदा क्लिक करा आणि जागा विचारली की पेन ड्राइव्ह निवडा. झालं! मात्र ही ॲप्स विंडोजच्या कॉम्प्युटरसाठी आहेत, मोबाइलवर चालणार नाहीत. सुरू व्हायला जरा वेळ लागतो, तेव्हा घाई करू नये.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवसारखा जुना फॉन्ट दुसरीकडे नसला, की अक्षरांच्या जागी इंग्रजीचा काला दिसतो. छापायला देताना लिब्रेऑफिसमधूनच पीडीएफ करून द्यावी, म्हणजे अक्षरं जशीच्या तशी राहतात.

आता चार पथ्यं सांगते.

1. दुकानदाराला किंवा ऑफिसात आधी विचारा. काही ठिकाणी पेन ड्राइव्ह लावू देत नाहीत.

2. परक्या कॉम्प्युटरवर बँकेचा व्यवहार करू नका. डबा आपला असला तरी चूल परक्याचीच. आपण दाबलेली अक्षरं टिपून घेणारे चोर-प्रोग्रॅम त्यात असू शकतात. उघडलेल्या फाइलींची नावंही कधी कधी मागे राहतात.

3. घरी आल्यावर अँटीव्हायरसने पेन ड्राइव्ह तपासा. फोल्डरच्या जागी अचानक 'शॉर्टकट' दिसू लागले तर त्यांवर क्लिक करू नका, तो बहुधा व्हायरस असतो.

4. काढताना 'इजेक्ट' करूनच काढा. ओढून काढला तर हिशेबाची फाइल बिघडू शकते.

आणि हो, पेन ड्राइव्ह हरवतो, धुण्यातही जातो! म्हणून दर आठवड्याला त्याची एक नक्कल दुसरीकडे ठेवावी. बायांच्या विश्वासाचा पैसा ज्या वहीत आहे, ती वही कागदाची असो की पेन ड्राइव्हमधली, तिची राखण आपल्यालाच करायची आहे. घरात कॉम्प्युटर एकच, आणि तोही मुलांच्या ताब्यात, असं असलं तरी आपलं काम आता त्याच्यावाचून अडायला नको.